यजमानाची काडतुसं

मी शिशाच्या गोळीवर अंगठ्याचं नख दाबून बघत होते, तेवढ्यात मागून आत्याबाई म्हणाल्या, “दुधी आहे का तो, नख मारून बघायला?”

“कडक आहे की मऊ, ते कळतं,” मी म्हणाले.

“मग काय कळलं?”

“मऊ आहे. फारच मऊ.”

“मऊच पाहिजे,” त्या म्हणाल्या, आणि गोळी माझ्या हातातून काढून घेऊन परत डब्यात टाकली.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सगुणाबाई शितोळे. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. गोष्ट सत्त्याऐंशी सालची, साताऱ्यातली. लग्न होऊन मला सहा महिने झाले होते आणि आमचे हे लग्नानंतर आठवडाभरातच पठाणकोटला आपल्या पलटणीत परत गेले होते. घरात आम्ही दोघीच. भांडण म्हणाल तर नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. पाणी आलं, दूध उतू गेलं, कडी लावली का, एवढ्यावर आमचा दिवस निघायचा. संध्याकाळी त्या देवापुढं दिवा लावायच्या आणि मी माझ्या खोलीत जाऊन माहेरी पत्र लिहायची, की इथं सगळं छान आहे.

एकदा जेवताना माझ्या तोंडून सहज निघून गेलं, की कॉलेजात एनसीसीमध्ये होते, बंदूक चालवलीय. आत्याबाईंचा घास हातातच राहिला. किती वेळा चालवलीस, कुठली, नेम कसा होता, सगळं विचारून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, “जुनं लुगडं नेस. चल माझ्याबरोबर.”

त्या मला गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याला घेऊन गेल्या. तिथं आमचा रायफल क्लब होता. माझे सासरे सुभेदार होते, पेन्शनीत आल्यावर त्यांनीच तो चार मित्रांना धरून उभा केला होता, आणि ते गेल्यावरही आत्याबाईंनी येणं सोडलं नव्हतं. नऊवारी नेसलेली, पदर खोचलेली, पन्नाशीची बाई बत्तीस बोअरचं पिस्तूल हातात धरून उभी राहिली आणि समोरच्या कागदाच्या काळ्या गोलात तिनं भोकामागून भोक पाडलं, तेव्हा माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मनात म्हटलं, कालिंदे, या बाईशी तुला बोलता येत नाही म्हणून तू रडत होतीस होय?

पण खरी मजा मागच्या शेडमध्ये होती. चहूबाजूंनी नुसती जाळी, वर पत्रा, पुढं दाराची जागा मोकळी. आत एक रॉकेलचा स्टोव्ह, बिडाचं जाड भांडं, लांब दांड्याची पळी आणि लोखंडी साचे. तिथं आत्याबाई सरावाच्या काडतुसांसाठी शिशाच्या गोळ्या ओतायच्या. क्लबाकडं तसा रीतसर परवाना होता. बंदुकीची दारू सेक्रेटरींच्या कुलपात असायची आणि काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या भरायचं काम त्यांच्याच नजरेसमोर चालायचं. गोळ्या मात्र सगळ्या आत्याबाईंच्या. शेडचे नियम कडक. आत असताना तोंडात सुपारीसुद्धा टाकायची नाही. बाहेर पडताना साबणानं कोपरापर्यंत हात घासायचे, आणि घरी गेल्यावर लुगडं बदलल्याशिवाय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. सोवळं मी माहेरी पाहिलं होतं, पण हे उलटं सोवळं नवीनच होतं.

या शेडवर आमचा सगळा खेळ उभा होता. कारखान्यातली काडतुसं कोट्यानं यायची आणि ती पुरुषांच्या संघालाच पुरायची नाहीत. बायकांनी सराव करायचा तो या ओतलेल्या गोळ्यांवर, नाहीतर घरी बसून लोणचं घालायचं. आणि मेजर घाटग्यांना नेमकी हीच शेड नको होती.

मेजरसाहेब सासऱ्यांच्या मागून सेक्रेटरी झाले होते. माणूस सरळ, पण एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा. त्यांना शेडच्या जागी टेबल टेनिसचं टेबल मांडायचं होतं. धूर होतो, वास येतो, येणाराजाणारा विचारतो की हा क्लब आहे का तांबट आळी, असं त्यांचं म्हणणं. आत्याबाई ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी स्टोव्ह पेटवायच्या. शेवटी त्या हिवाळ्यात मेजरसाहेबांनी आम्हा दोघींना समोर उभं केलं.

“वार्षिक सामना यंदा आपल्याकडं आहे,” ते म्हणाले. “बायकांच्या सामन्याला तुमची काडतुसं वापरा. जिंकलात तर शेड तुमची, मी परत तोंड उघडणार नाही. हरलात तर मी कुलूप लावीन.”

“ठरलं,” आत्याबाई म्हणाल्या. मला विचारलंसुद्धा नाही.

आता हा सामना काय होता ते सांगते. शेजारच्या तालुक्याचा क्लब आणि आमचा, आलटूनपालटून एकमेकांकडं जायचे. त्यात सासऱ्यांनी पाडलेला एक रिवाज होता. दोन्ही संघांची काडतुसं यजमानानं द्यायची, सगळी एकाच घाण्यातली, आणि डबा आधी पाहुण्यांनी उचलायचा. म्हणजे चांगली आपल्याला आणि वाईट त्यांना, असा प्रकार व्हायला नको. जेवणाच्या पंगतीसारखंच, पाहुण्याला वाढलं तेच आपण खायचं.

आणि पाहुण्यांची कप्तान कोण, तर आत्याबाईंची थोरली नणंद, मालनवन्सं. त्या तिकडं दिलेल्या. दोघी एकाच वर्षी पिस्तूल शिकल्या, एकाच माणसाकडून, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडून. वन्संना भावानं शिकवलं, आत्याबाईंना नवऱ्यानं. तेव्हापासून आत्याबाई वन्संना एकदाही हरवू शकल्या नव्हत्या. दिवाळीला, लग्नकार्यात, मयतीला, कुठंही भेटल्या की वन्सं हळूच विचारायच्या, “काय सगुणा, हात कसा आहे?” आणि आत्याबाईंचं डोकं फिरायचं.

तेव्हा आमच्यासाठी गोष्ट साधी होती. कुठली गोळी ओतायची, एवढंच ठरवायचं होतं. आणि तिथंच आमची जुंपली.

आत्याबाईंचा जीव नरम शिशावर. भंगारवाल्याकडून जुन्या पाइपांचं शिसं आणायचं, वितळवायचं, वरची मळी काढायची आणि ओतायचं. माझं म्हणणं, गोळी कडक हवी. एका छापखान्यानं नवीन यंत्रं घेतली होती आणि जुळणीचे झिजलेले खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, पोत्यानं विकायला काढले होते. त्या खिळ्यांचा धातू कडक. मी बीएस्सी झालेली, रसायन घेऊन. मला वाटलं आता इथं तरी माझं शिक्षण कामाला येईल. मी एक पोतं घेऊन आले. आत्याबाई म्हणाल्या, अक्षरं वितळवून पाप लागेल. मी म्हटलं, देवाच्या पोथ्या नाहीत, लग्नपत्रिका छापलेले खिळे आहेत. त्यावर त्या हसल्या. मी त्यांना हसवलं होतं, तेही पहिल्यांदाच, आणि घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते.

मग आम्ही दोघींच्या गोळ्या झाडून बघितल्या. त्यांच्या मऊ गोळ्या पहिल्या थोड्या छान गेल्या, मग भरकटायला लागल्या. नळीत बघितलं तर आतून शिशाचा लेप चढलेला. मी मनात खूश. माझ्या कडक गोळ्या झाडल्या. नळीत तसाच लेप, उलट कांकणभर जास्तच. आता आत्याबाई मनात खूश. त्यांनी मेणात व्हॅसलीन वाढवून बघितलं, कारण गोळीला बाहेरून मेणाचा हात द्यावा लागतो. मी भट्टीचं तापमान बदलून बघितलं. रोज घरी जाताना वाद, जेवताना वाद. मऊ की कडक, कडक की मऊ. शेजारच्या काकूंनी एकदा खिडकीतून विचारलं, एवढी चर्चा कशाची चाललीय, पुरणपोळ्यांची का?

एक दिवस मी नळी सोडवून साफ करत होते. सहज एक गोळी नळीच्या तोंडात ठेवली आणि पेन्सिलीनं ढकलली. काही अडलं नाही, सुळकन खाली. दुसरी अर्ध्यात थांबवून उजेडाकडं धरली, तर कडेनं चंद्रकोरीएवढा उजेड दिसला. मी आत्याबाईंना हाक मारली. त्यांनी एका डोळ्यानं बघितलं, मग दुसऱ्या डोळ्यानं बघितलं, आणि मटकन स्टुलावर बसल्या.

प्रत्येक ओतलेली गोळी आम्ही एका पोलादी ठोकळ्याच्या भोकातून दाबून काढायचो, म्हणजे सगळ्या एका मापाच्या होतात. ते भोकच आमच्या नळीच्या मानानं बारीक होतं. सासऱ्यांच्या वेळचं पिस्तूल वेगळं होतं, हे वेगळं. ठोकळा मात्र तोच चालला होता. गोळी मऊ असो की कडक, नळीत सैलच बसत होती, आणि मागून येणारा जाळ कडेनं निसटून शिसं वितळवत होता. आम्ही महिनाभर भांडलो ते फुकट.

“पायताण सैल असलं तर चामडं कुठलं का असेना, पळताना पडणारच,” आत्याबाई म्हणाल्या.

मी लोहाराकडून भोक केसभर वाढवून आणलं. झालं. त्यांच्याही गोळ्या सरळ जायला लागल्या आणि माझ्याही. शेवटी निम्मं त्यांचं नरम शिसं आणि निम्मे माझे खिळे असा समझोता झाला, आणि कुणाचं बरोबर होतं हा विषय दोघींनी परत काढला नाही.

उरला आकार. साचे दोन होते. एक गोल टोकाचा, एक चपट्या टोकाचा. चपटी गोळी कागदावर इतकं स्वच्छ भोक पाडायची, की पंच मारल्यासारखं. गोल गोळीचं भोक फाटकं, आणि गोळी रेषेवर लागली की गुण धरायचा की नाही यावरून वाद. शिवाय आमच्या पिस्तुलातून चपटीचा नेम खरोखरच जास्त बसायचा. आत्याबाईंनी एका सकाळी चपट्या गोळ्यांनी असा कागद काढला, की त्या स्वतःच तो घरी घेऊन आल्या आणि देवघरात दिव्यामागं ठेवला.

“वन्संना यंदा दाखवते,” त्या म्हणाल्या.

आम्ही चपट्या गोळ्यांचा ढीग ओतला. चाचणीपुरती थोडी काडतुसं भरली, बाकी गोळ्या डब्यात ठेवल्या. सामन्याच्या आठवडाभर आधी, सामन्याची काडतुसं भरण्यापूर्वी एकदा बघायला म्हणून मेजरसाहेब आले. त्यांनी आमचे कागद बघितले, हुं केलं, आणि कमरेचं स्वतःचं पिस्तूल काढलं. त्यांना आमची काडतुसं आपल्या हातानं झाडून बघायची होती.

पहिलं गेलं. दुसरं अडकलं. त्यांनी झटका देऊन ते काढलं आणि परत चाप ओढला. एक गेलं, पुढचं परत अडकलं. या पिस्तुलांत एक काडतूस झाडलं की पुढचं आपोआप नळीत चढतं; त्यांच्या पिस्तुलात ते चढताना चपटं टोक कडेला अडत होतं. आमच्या पिस्तुलाची चढण वेगळी असल्यामुळं आम्हाला ते कधी कळलंच नव्हतं. मेजरसाहेबांनी पिस्तूल रिकामं केलं, नीट कमरेला लावलं आणि इतकंच म्हणाले, “मालनबाईंचं पिस्तूल माझ्याच बनावटीचं आहे, नाही का?”

आणि निघून गेले.

मला कळलं होतं. आत्याबाईंना तर माझ्या आधी कळलं असणार. दोन्ही संघांना एकाच घाण्यातली काडतुसं, डबा आधी पाहुण्यांनी उचलायचा, सगळं रिवाजाप्रमाणं. कुणी बोट ठेवू शकलं नसतं. आमची काडतुसं आमच्या पिस्तुलातून लोण्यासारखी जाणार होती आणि वन्संच्या पिस्तुलात दर दुसऱ्या बाराला अडकणार होती. प्रत्येक वेळी झटका देऊन काढा, परत श्वास धरा, परत नेम धरा. वन्सं कितीही पट्टीच्या असल्या तरी हरल्या असत्या. शेड वाचली असती. आणि आत्याबाईंची इतक्या वर्षांची ती एक गोष्ट झाली असती.

“गोल ओतल्या तर?” मी विचारलं.

“गोल सगळ्यांच्यात चालतात,” त्या म्हणाल्या. “आपल्याही आणि तिच्याही. कुठंच अडत नाहीत.”

“मग आपण जिंकू?”

“चपटीसारखा नेम नाही त्यांचा. जिंकलो तर नशीब.”

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात हेच होतं, की त्यांनी चपट्याच भराव्यात. टेबल टेनिसचं टेबल तिथं आलं की मी परत माझ्या खोलीत आणि त्या परत देवघरात, हे मला डोळ्यासमोर दिसत होतं. शेडमध्ये आम्ही सासूसुना नव्हतो, कुणीतरी वेगळ्याच दोघी होतो. बाहेर त्याला जागाच नव्हती. मला रडू येत होतं आणि ते धुरानं येतंय असं मी भासवत होते.

आत्याबाई बराच वेळ चपट्या गोळ्यांच्या डब्याकडं बघत बसल्या. एकदा म्हणाल्या, तिचं तिनं पिस्तूल बघून घ्यावं, मी काय तिच्या पिस्तुलाची आई आहे? मग म्हणाल्या, गेल्या वर्षी तिनं माझ्या हाताला म्हातारा हात म्हटलं, ते तू ऐकलं होतंस का, नाही, तू कुठं होतीस तेव्हा. मग स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या. मी भांड्यातली मळी काढत राहिले. मग त्या उठल्या, डबा उचलला आणि सगळ्या चपट्या गोळ्या हळूहळू, पळीपळीनं, परत भांड्यात सोडल्या.

“माझ्याकडं जेवायला आलेल्या माणसाच्या घासात खडा निघावा, आणि तो मीच तांदळात टाकलेला असावा?” त्या म्हणाल्या. “हरले तर हरले. गोल साचा आण.”

मी साचा आणला. एकेक गोळी वितळून खाली बसत होती आणि तो देवघरातला सुंदर कागद मला आठवत होता. पण गंमत सांगते, मला हलकं वाटायला लागलं. आत्याबाईंनाही वाटलं असणार, कारण त्या गुणगुणायला लागल्या. त्या गुणगुणतात हे मला त्या दिवशी कळलं, आणि बेसूर गुणगुणतात हेही. गोळ्या ओतून झाल्यावर त्यांनी थोडी काडतुसं भरून ती मेजरसाहेबांच्या पिस्तुलात, आमच्या पिस्तुलात आणि क्लबातल्या आणखी एका खटारा पिस्तुलातही घालून बघायला लावल्या. कुठंच अडली नाहीत. नेम म्हणाल तर बरा. हे काडतूस कुणाचंही लाडकं झालं नसतं, पण कुणाशीही जुळवून घेणारं होतं.

सामन्याच्या दिवशी वन्सं आल्या त्या हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. मला जवळ घेतलं, कडाकडा बोटं मोडली आणि आत्याबाईंना विचारलं, “काय सगुणा, हात कसा आहे?” त्यांच्या संघात दुसऱ्या नसीमबाई होत्या, तिकडच्या शाळेत कवायत शिकवणाऱ्या. आमच्याकडून आत्याबाई आणि मी. रिवाजाप्रमाणं वन्संनी आधी डबा उचलला. उचलताना त्यांनी झाकण उघडून एक काडतूस उजेडात फिरवून बघितलं, बोटानं टोक चाचपलं आणि आत्याबाईंकडं एक नजर टाकली.

पहिल्यांदा नसीमबाई आणि मी. आम्ही जवळपास बरोबरीत सुटलो, मी दोन गुणांनी पुढं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आत्याबाई आणि वन्सं शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. दोघींनी एकाच पद्धतीनं पदर खोचला, एकाच पद्धतीनं खांदा सैल सोडला, एकाच पद्धतीनं श्वास अर्धा सोडून थांबवला. ज्यानं शिकवलं तो माणूस तिथं नव्हता, पण दोघींच्या अंगात होता.

मी निशाण बघतच नव्हते. वन्संनी चाप ओढला की माझा जीव कानात यायचा, पुढचं काडतूस चढलं का? चढलं. परत बार. चढलं. शेवटच्या बारापर्यंत दोघींपैकी कुणाचंही पिस्तूल एकदाही अडलं नाही. आत्याबाई इतक्या छान खेळल्या की मेजरसाहेब खुर्चीत पुढं सरकून बसले. पण वन्सं त्या दिवशी वेगळ्याच होत्या. कागद आणून मोजले. माझी दोनची आघाडी खाऊन पाहुणे एका गुणानं जिंकले.

आत्याबाईंनी पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं आणि वन्संच्या पाया पडल्या. वन्संनी त्यांना वर उठवलं आणि पर्समधून एक बारीक पितळी सळई काढून दाखवली.

“ही मी दर सामन्याला घेऊन येते,” त्या म्हणाल्या. “अडकलेलं काडतूस काढायला. कुठंही जा, यजमानाचं काडतूस म्हटलं की निम्मा जीव निशाणावर आणि निम्मा यात, की आता अडकतंय का. आज ही बाहेर काढलीच नाही. सगळा जीव निशाणावर होता, म्हणून जिंकले.”

“म्हणजे माझ्याच गोळ्यांनी मला हरवलंत,” आत्याबाई म्हणाल्या.

“तुझ्याच.”

आणि दोघी हसायला लागल्या. आधी हळू, मग अशा, की एकमेकींना धरून उभं राहावं लागलं. नसीमबाई हसायला लागल्या, मी हसायला लागले. का हसतोय ते धड कुणाला सांगता आलं नसतं. हरल्यावर माणूस इतकं हसतं हे मला माहीत नव्हतं.

मेजरसाहेब मात्र हसले नाहीत. पाहुण्यांची जीप निघून गेली तसे ते ऑफिसातून नवंकोरं कुलूप घेऊन आले आणि सरळ शेडकडं चालायला लागले. आम्ही दोघी मागून. शेडला दार नव्हतंच. त्यांनी सुताराकडून एक लाकडी फाटक करून घेतलं होतं आणि ते त्याच सकाळी बसवून घेतलं होतं. माझं हसू जिरलं. आत्याबाई ताठ उभ्या राहिल्या. फाटकाच्या कडीत कुलूप घालून मेजरसाहेबांनी ते दाबलं.

“हरलात तर कुलूप लावीन म्हणालो होतो,” ते म्हणाले. “लावलं.”

“तुम्ही शब्दाचे पक्के,” आत्याबाई म्हणाल्या. आवाज जरासुद्धा हलला नाही.

मेजरसाहेब किल्ली हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग माझ्याकडं न बघता आत्याबाईंना म्हणाले, “चपट्या भरल्या असत्यात तर जिंकला असतात. मला त्या दिवशीच ठाऊक होतं. तुम्ही काय भरता तेवढं बघायचं होतं.” त्यांनी किल्ली पुढं केली. “कुलूप लावायचं ठरलं होतं, वहिनी. किल्ली कुणाकडं राहील, ते काही ठरलं नव्हतं.”

आत्याबाईंनी किल्ली घेतली. ती हातात फिरवून बघितली, काडतूस बघतात तशी. मग वळल्या, माझ्या पदराचं टोक ओढलं आणि त्याच्या गाठीत ती किल्ली घट्ट बांधली.

“घरच्या कपाटाची मात्र मागायची नाही,” त्या म्हणाल्या. “ती मी मेल्यावर.”

मी नुसती ती गाठ मुठीत धरून उभी राहिले. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, आणि मेजरसाहेब अजून समोरच उभे आहेत याची जराही पर्वा न करता पदर खोचला.

“आता बघत काय राहिलीस, कालिंदी? काढ ते कुलूप. पुढच्या वर्षी वन्संना हरवायचंय.”